बुरशीचं बारसं

आमच्या प्रयोगशाळेत बुरशी मुद्दाम वाढवतात, म्हणून जबलपुरातल्या बऱ्याच सरकारी खोल्यांपेक्षा ती जागा स्वच्छ असते. माझ्या हाताखाली संशोधन करणाऱ्या मुलीने पनागरच्या मटाराच्या शेतातल्या मातीतून एक राखाडी बुरशी वेगळी काढली. तिचे वडील खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दर पंधरवड्याला स्कूटरवरून तेच तिला माती आणायला नेत. माहीत असलेल्या जातींशी तीन वर्षं ताडून पाहिल्यावर खात्री पटली, ही नवी आहे. नाव तिने केव्हाच ठरवलं होतं, पनागरवरून.

विभागप्रमुखांनी परस्पर बुरशीला संचालकांचं नाव देऊ केलं. हाराची ऑर्डरही दिली.

"सर, तीन वर्षं माती मी खणून राहिली, अन् नाव त्यांचं काहून?"

मी म्हणालो, बघू. माझं बहुतेक मार्गदर्शन याच शब्दात होतं.

समारंभात शाल झाली, हार झाला, तिघांनी एकच भाषण केलं. संचालकांनी बुरशीची काचेची बशी हातात धरून फोटो काढून घेतले आणि सौजन्य म्हणून तिला विचारलं, "अब आगे क्या होगा?"

आमच्या शास्त्रात नव्या जातीचा अधिकृत नमुना जिवंत चालत नाही. तिने ते तोंडी परीक्षेत सांगावं तसं सांगितलं.

"मतलब, मारना पड़ेगा?"

"जी सर. सुखाकर लिफ़ाफ़े में बंद. ऊपर आपका नाम, नीचे तारीख."

संचालकांनी बशी टेबलावर ठेवली. मग गळ्यातला हार काढून तोही शेजारी ठेवला.

"ऐसा कीजिए," ते विभागप्रमुखांना म्हणाले, "जगह का नाम रख लीजिए."

विभागप्रमुखांनी स्वतःचं नाव सुचवलं नाही. असं मी प्रथमच पाहत होतो. तिने हे मुद्दाम केलं का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात बुरशी सुकवली, पाकिटात घातली, लेबल तिने स्वतः लिहिलं. वडील बघायला आले. पाकीट उलटंपालटं करून म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच, बाबा."

त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं. पनागरपाशी बोट थांबलं.

"चलो," ते म्हणाले, "मेली तरी पत्ता बरोबर आहे."