आडवे-उभे दाजी

आमचे वडील, आबा, गेले तेव्हा दहाव्याला शेजारचे किसनअप्पा धाय मोकलून म्हणाले, "लई गुनाचा मानूस हुता." दाजींनी खिशातली पेन्सिल काढली, पुढ्यातल्या तांब्यावर टक करून वाजवली आणि म्हणाले, "गुणाचा. माणूस. होता." किसनअप्पांचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि वर्गात उभं केल्यासारखं म्हटलं, "होता." आबांचा शोक तिथंच आटोपला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. संगमनेरला हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि तिथल्या एका साप्ताहिकासाठी दर आठवड्याला शब्दकोडं रचायचे. म्हणून पाठीमागं आम्ही त्यांना 'आडवे-उभे दाजी' म्हणत असू. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला दुसऱ्यांदा बसलो होतो, आणि भांग नीट पाडला की माणूस शहाणा दिसतो, असं माझं प्रामाणिक मत होतं.

दाजींना आमच्या घराचा तिटकारा होता आणि आम्हाला त्यांचा. हिशेब बरोबर होता. पण मधल्यामध्ये अक्का सापडली. लग्नाआधी ती विहिरीवर बोलायला उभी राहिली की राहात्याच्या बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या खाली ठेवायच्या. संगमनेरला गेल्यावर तिनं तोंड उघडलं की टक. वाक्य दुरुस्त करून पुन्हा बोलली की पुन्हा टक. तिसऱ्या वर्षी ती फक्त 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलू लागली, कारण त्यात काही चुकवता येत नाही. त्या साली आमच्या विहिरीनं तळ दाखवला होता, पण आईला घोर होता तो लेकीचा. "खायला-ल्यायला कमी न्हाई," ती म्हणायची, "पर माझ्या पोरीचं तोंड कुनी शिवलं रं?"

दाजींची कोडी सुटत नसत. इंद्राचा घोडा, चार अक्षरी. हत्तीच्या पायातली साखळी, दोन अक्षरी. आमच्या भागात इंद्राचा घोडा कुणी पाहिला नव्हता, आणि हत्ती सर्कशीतला. एकदा मी अभ्यास सोडून, खोट्या नावानं, अख्खं कोडं भरून पाठवलं. दाजींनी अक्षर ओळखलं. पुढच्या खेपेला येताना तो कागद लाल पेन्सिलीनं तपासून घेऊन आले. "शालकबुवा, अठ्ठावीसपैकी तीन," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तेही नजरचुकीनं."

शेवटी साप्ताहिकाच्या मालकानं त्यांना निरोप धाडला: नवशिक्यांना सुटेल असं सोपं कोडं द्या, नाहीतर त्या जागेत इंजिनाच्या तेलाची जाहिरात लावतो. दाजींचा फार अपमान झाला. मला फार आनंद झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते अक्काला घेऊन आले, ते नवं कोडं पिशवीत घालूनच.

"छापायच्या आधी तुमच्यावर करून बघतो," ओसरीवर बसत ते म्हणाले. "तुम्हाला सुटलं म्हणजे कुणालाही सुटेल. आणि यात एक गोष्ट दडवलेली आहे. ती मात्र तुम्हाला जन्मात सापडायची नाही."

आई रेशनच्या लाल मिलो ज्वारीतले खडे निवडत होती. अक्का आत चुलीपुढं होती. मी वाचायचं, असं ठरलं.

"भाकरी यावर टाकतात. दोन अक्षरी," मी वाचलं.

"तवा," आई म्हणाली. "येवढं शाळंत शिकवत्यात व्हय?"

"हा आठवड्यातून एकदा भरतो."

"बाजार. म्होरं."

"अंथरुणावर घालतात, थंडीत अंगावरही घेतात."

"चादर."

"पाऊस नसला की हिला भेगा पडतात. तीन अक्षरी."

आईचा हात सुपात थांबला. "जमीन," ती म्हणाली, आणि पुन्हा खडे निवडू लागली.

चहा व्हायच्या आत बाईनं कोडं संपवलं. अंगठा उठवणारी बाई. मी फक्त चौकोन भरत होतो, आणि त्यातही एक चुकवला. मला वाटलं, आता दाजींचं तोंड उतरेल. पण ते हसत होते. मांजर उंदराकडे बघून हसत असेल तर तसं.

"छान, मामी," ते म्हणाले. "आता दडवलेली गोष्ट ऐका. तवा, बाजार, चादर, जमीन, दरवाजा, यातला एकही शब्द मराठी नाही. सगळे फारसीतून आलेले, परके. तुमच्या तोंडात स्वतःचं काही नाहीच. मी तुमच्या लेकीला तीन वर्षं दुरुस्त करतोय, तरी तिची भाषा सुधारत नाही. आता कळलं का?"

आईला फारसी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण आपल्याला काहीतरी लागेल असं बोललं गेलं, हे कळायला भाषा लागत नाही. ती सूप घेऊन उठायला लागली.

तेवढ्यात अक्का दारात आली. हातात सांडशी.

"मीबी परक्या घरनंच आले की तुमच्याकडं," ती म्हणाली.

टक.

"तुमची आई चार बायांत मला 'आमची सून' म्हनती. खोटं म्हनती का?"

टक.

"टकटक मागनं करा. आधी सांगा. तीन वर्सं नांदले, तुमचं घर सारवलं, तुमच्या पंगती वाढल्या. मी तुमच्या घरची हाय का न्हाई?"

दाजींनी पेन्सिल उचलली. ती तशीच वर राहिली. ती पेन्सिल वाजायची राहिलेली मी पाहिली ती त्या एकदाच, आणि आयुष्यभर पुरवून पुरवून ते सुख वापरलं आहे.

"हो," ते म्हणाले. "आहेस."

"मग च्या घ्या," अक्का म्हणाली.

कोडं छापून आलं. खाली चौकटीत ओळ होती: 'हे सारे शब्द मराठीच्या घरी सुना म्हणून आले आणि घरचेच झाले.' उत्तरांचा ढीग पडला. मालकानं पाठ थोपटली. 'काय कल्पना आहे, मास्तर,' असं संगमनेरात जो तो म्हणायचा आणि मास्तर मान तुकवून घ्यायचे. अक्काचं नाव कुठंही नव्हतं. दुसऱ्याचं वाक्य ते दुरुस्त करायचे, आणि दुरुस्त करण्यासारखं काही नसलं तर उचलायचे.

सुधारले म्हणता? छे. पेन्सिल वाजतच राहिली. फरक एवढाच, की अक्का थांबेनाशी झाली. ती बोलायची, ते टक करायचे, ती पुढं बोलायची. पुढली कितीतरी वर्षं त्यांचा संसार असा तबला-पेटीसारखा चालला. मला हा माणूस शेवटपर्यंत आवडला नाही, आणि माझा भांगही शेवटपर्यंत त्याला आवडला नाही.

गेल्या साली दाजी गेले. दहाव्याला लोक काय वाटेल ते बोलले, कुणी चुका काढल्या नाहीत. मी नंतर अक्काकडं चार दिवस राहिलो. ती सकाळी चहा देता देता सांगू लागली, "परवा नळाला पानीच न्हाई आलं..."

आणि थांबली. पुढं बोलेच ना. डोळे टेबलाच्या त्या कडेला, जिथं पेन्सिलीनं खळगा पडला आहे.

मला काय सुचलं कोण जाणे. मी चमचा उचलला आणि कपावर वाजवला.

टक.

"हां," अक्का पदरानं नाक पुसत म्हणाली. "आता म्होरलं ऐक."