किलवरची राणी कोणाकडे?

सगळे त्यांना मीटरसाहेब म्हणत. वीजखात्यात बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या मीटरची सीलं तपासली. कुणी दारातच चहा विचारला, की साहेबांची नजर आधी मीटरकडे जायची. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, संशय काही सुटला नाही. जावयाने तब्येत विचारली तरी ते बायकोला म्हणत, "याला आता काय हवंय?"

दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ब्रिज चाले. त्या दिवशी साहेबांनी इस्पिक हुकूम करून तेराच्या तेरा हात घेण्याची बोली लावली. जोडीदार त्यांची बायको. रीतीप्रमाणे, दोघांची पानं साहेबांनीच खेळावीत म्हणून, तिने आपली पानं टेबलावर उघडी मांडली आणि हळूच म्हणाली, "सांभाळून हं."

बाकी सगळं ठीक होतं, अडचण एकच. किलवरचा एक्का आणि गुलाम साहेबांच्या हातात, राजा बायकोच्या पानांत, पण राणी कोणाकडे? डावीकडच्या दातांच्या डॉक्टरांकडे, की उजवीकडच्या ग्रंथपालबाईंकडे? चुकीच्या बाजूला धरली, तर एक हात जाणार आणि बोली बुडणार.

डॉक्टर मघापासून कडेच्या एकाच पानाशी चाळा करत होते. अंगठा थरथरे, पान अर्धं वर येई, पुन्हा आत जाई. साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. राणी तिथेच असणार. की मला तसं वाटावं म्हणून हे सोंग? गेल्या महिन्यातही डॉक्टर असेच घुटमळले होते आणि साहेब तोंडावर आपटले होते.

"खेळताय ना?" ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"घाई कशाची आहे तुम्हाला?" साहेब गुरकावले.

मग त्यांनी चेहरे बघणं सोडलं आणि आधी बाकीचे रंग खेळून घेतले. डॉक्टरांनी तीन वेळा इस्पिक टाकलं, तीन वेळा चौकट. बदामाची सहा पानं असल्याचं तर त्यांनी बोलीतच कळवलं होतं. झाली तेरातली बारा. म्हणजे किलवरचं पान फार तर एक!

साहेबांनी हातातून लहान किलवर टाकून बायकोच्या पानांतला राजा घेतला. डॉक्टरांचं ते एकुलतं पान पडलं. चौकी! राणी बाईंकडे. आता बायकोकडून लहान किलवर, बाईंकडून लहान, आणि साहेबांनी गुलाम टाकला. डॉक्टरांनी बदाम टाकलं, हात गुलामाने जिंकला.

"जमलं!" बायको म्हणाली.

साहेबांना मात्र राहवेना. "डॉक्टर, कडेच्या पानाशी काय चाललं होतं तुमचं?"

डॉक्टरांनी हात टेबलाखाली घेतले. "हात कापतात हो हल्ली. दवाखाना बंद करतोय. अजून कुणाला सांगितलं नाही."

घरी जाताना बायको म्हणाली, "तुम्हाला हेही खोटं वाटतंय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. रुग्णांच्या खुर्चीवर चादर घातलेली होती. डॉक्टर दोन्ही हातांनी अवजारं खोक्यात ठेवत होते, आणि तरीही ती एकमेकांवर खणखणत होती.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "तपासायला आलात?"

"हो," साहेब म्हणाले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

डॉक्टर हसले. "मग आलाच आहात तर ते खोकं धरा जरा."

साहेबांनी बाह्या वर केल्या आणि खोकं धरलं.