रहेमानभाईची कल्हई

घाटंजीच्या रहेमानभाईच्या हातची कल्हई म्हणजे काय चीज होती, हे आता जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांत जेवणाऱ्यांना सांगून कळायचं नाही. भट्टीवर पितळी गंज, म्हणजे खोल पातेलं, तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायची, पांढऱ्या धुराचा भपकारा आला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं सर्रकन पुसून घ्यायचं. भांडं आतून लख्ख. रहेमान बोळा फिरवायचा, त्याची बायको रशीदा भाता चालवायची. दोघं खेड्यात आले की बाया घरातली झाडून सारी भांडी घेऊन लिंबाखाली जमायच्या.

कल्हई उडाली की भांड्यात ताक, आंबट वरण कळकतं. पोटात ढवळतं, उलट्या होतात, माणूस दोन दिवस कण्हतो आणि उठून कामाला लागतो. एवढंच. पण रहेमानच्या डोक्यात ते भलतंच जाऊन बसलं.

शेजारच्या खेड्यातल्या डोमाजीच्या घरचे नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या गावात पटकी आली. डोमाजीचं लहान पोर त्यात गेलं. आदल्याच आठवड्यात त्यांच्या गंजाला रहेमाननं कल्हई केली होती. अहो, पटकीनं अख्खं गाव झोडपलं होतं! नाल्याच्या पाण्यानं झालं, हे डॉक्टरच सांगून गेला. डोमाजीची बायको कौसल्या स्वतः डोळे पुसत म्हणाली, "चाचा, तुमचा काय दोष?" रहेमाननं मान हलवली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या दारात उभा. "बाई, तो गंज पाहू दे एकडाव."

तिथून जे लागलं ते लागलंच. काम आटोपून गाव सोडलं की हा अर्ध्या वाटेत थबकायचा.

"रशीदा, देवरावच्या पातेल्याच्या काठाले बोळा फिरवला काय मी?"

"फिरवला ना. मी पाह्यला."

"नक्की?"

"नक्की, अजी. चाला आता."

चार पावलं चालायचा आणि फिरायचा माघारी. पहिल्यांदा लोकांना कौतुक वाटलं, काय इमानी माणूस! मग तो ऐन जेवणाच्या वेळी दारात यायला लागला, शिजलेलं वरण ओतून भांडं दाखवा म्हणायला लागला. बाया चिडल्या. "आमी काय जहर शिजवून राह्यलो काय घरात?" हळूहळू लोकांनी त्याला बोलवणं सोडलं.

रशीदा भांडायची, रडायची. तो खाली मान घालून म्हणायचा, "मलेही समजते. समजते, पण मन मानत नाही. न पाहता गेलो अन् कोनी मेलं, त मीच मारलं ना?" तेव्हा तिचा राग कुठल्या कुठं जायचा. आतून जळत असलेल्या माणसाशी भांडायचं तरी किती?

त्यांची एकुलती एक लेक रौशन. तिचं नेरच्या मन्सूरशी जमलं. मन्सूर मोटारी दुरुस्त करायचा, मुलगा सोन्यासारखा. लग्नाच्या जेवणाच्या मोठाल्या डेगींना कल्हई अर्थात बापानंच केली, पुन्हा पुन्हा केली. रौशननं त्याचा हात धरला. "अब्बा, वरात जेवाले बसली की भांड्याचं नाव काढू नका. एवढं करा माझ्यासाठी."

आणि त्यानं केलं! पंगत बसली, तो मांडवाच्या खांबाला टेकून रुमालाचं टोक दातांत धरून उभा राहिला. घामानं निथळत होता, एकेका माणसाच्या तोंडात जाणारा घास पाहत होता, पण ब्र काढला नाही. रशीदाला वाटलं, सुटला बाई माझा माणूस. वरात हसतखेळत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं रहेमान नेरला गेला. वरातीतल्या एकेका घरी जाऊन विचारू लागला, "कोनाचं पोट त नाही दुखून राह्यलं?"

मन्सूरच्या आईच्या कानावर गेलं. ती उभीच पेटली. "शक होता त आमच्या लेकरायले खाऊ काहून घातलं? असल्या घरी माझी सून पाय ठेवनार नाही!"

रौशनचं माहेर तुटलं. ईद आली, गेली. रशीदा लेकीसाठी शेवया वळायची आणि शेजारी वाटून टाकायची. रहेमान घाटंजीच्या मोटारस्टँडवर उभा राहायचा. नेरकडचा कोणी उतरला की त्याचं ठरलेलं, "तिकडचे सारे बरे हायेत ना?" वरातीतला एखादा म्हातारा वयानं गेला तरी हा जेवण सोडायचा.

तीन वर्षांनी सासूचं मन विरघळलं. तिनंच मन्सूरला म्हटलं, नेऊन सोड तिला मायजवळ. रौशन आली ती वाळून काटकी झालेली. उंबऱ्यात रहेमाननं तिला पाहिलं आणि विचारलं काय, तर, "सारे बरे हायेत ना, बेटा?"

"सारे बरे हायेत, अब्बा," रौशन म्हणाली. "मीच बरी नाही. माझं लेकरू पोटातच गेलं."

रशीदा धावली. पण त्याआधीच रहेमान मटकन खाली बसला होता.

"लग्नात तू कोनत्या डेगीतलं खाल्लं व्हतं?"

रडायला आलेली पोरगी, तिनं डोळे पुसले आणि त्याच्यासमोर बसली. "मी नवरी होती ना, अब्बा. मी जेवलीच नव्हती."

लग्नाच्या दिवशी रशीदानं स्वतःच्या हातानं तिला घास भरवले होते. ती गप्प राहिली.

"खरं सांगून राह्यली?"

"खरं, अब्बा."

"आठव बरं. एखादा घास?"

"नाही. एकही नाही."

दिवस मावळेपर्यंत तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली. लेकरू पोरगा होता की पोरगी, हे तिला विचारायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.