दारात हलगी वाजली की

हलगी वाजली की आमच्या कारभारणीच्या डाव्या पायाचा अंगठा आधी हलायचा. मग पाय, मग कंबर, आणि मग बाई माझी राहायची नाही. केस सुटायचे, मान गरगर फिरायची. अख्खं कळंब तिला कारभारीणच म्हणायचं. घर, भेंडीचं रान आणि मी, सगळं तीच चालवायची. हलगीपुढं मात्र तिचं काही चालायचं नाही.

मी भ्यायचो. पहिल्या जत्रेला तर पार गारठलो. नवी नवरी पालखीपुढं घुमायला लागली. मी दंड धरला, तर तिनं असं बघितलं की मी कोण, कुठला, ठाऊकच नाही. त्या डोळ्यांत मी नव्हतो. ही परत आलीच नाही तर? ती भीती जन्मभर राहिली. हलगी थांबली की मात्र पाणी मागायची आणि म्हणायची, "दूध चुलीवर हाय. उतू गेलं आसंल बगा."

दर साली जत्रेत मी तिचा दंड धरून उभा. माणसं हसायची. तीही शुद्धीवर आली की टोमणा मारायची, "तुमी मला धरता, का मला धरून सोता उभं ऱ्हाता?"

बाया देवी आली म्हणून पाया पडायला यायच्या. ही भाकरी थापायला उठायची. "देवी येती का न्हाय मला ठावं न्हाय. हलगी येती. कान नुसतं दार हाय, ती थेट पोटात शिरती." मला ते तेव्हाही कळलं नाही. 

मग एक दिवस भेंडी तोडता तोडता ती वाफ्यात बसली, ती उठलीच नाही. डावं अंग गेलं, वाचा गेली. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, दगदग नको, धक्का नको. घरी आणली. माझ्याकडं बघायची, पण जत्रेतल्यासारखंच, अनोळखी. तेव्हा हलगी थांबली की परत यायची. आता हलगी वाजतच नव्हती, तर थांबणार कधी?

जत्रा आली. मी हलगीवाल्या बाळूला बजावलं, "आमच्या दारात वाजवू नगं. मरंल ती." तो दारापुढं येऊन थांबला. पालखी मुकी निघाली. तेवढ्यात आतून आवाज आला. ठप. ठप. कारभारीण उजव्या हातानं खाटेची फळी बडवत होती.

"आबा," बाळू म्हणाला, "काकी बोलावत्यात."

"तिचं काळीज बंद पडंल, येड्या."

"तुमी म्हणाल तसं."

ठप. ठप. मी आत खाटेपाशी गेलो. म्हणालो, "हळू वाजव."

त्यानं काड्या बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी ताल धरला. मी तिचा दंड पकडला आणि डोळे गच्च मिटले. उघडले, तर तिच्या डाव्या पायाचा अंगठा हलत होता. ती माझ्याकडं बघत होती, आणि या खेपेला त्या डोळ्यांत मी होतो. वाकड्या तोंडानं एकच शब्द बोलली, "धरा."

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, बोलण्याची वाट बंद झाली तरी डोक्यात तालाची वाट कधी कधी उघडी राहते. असेल. पुन्हा ती बोलली नाही. थंडीत गेली, झोपेतच. हलगी कुठंच नव्हती.

परवा इंदापूरच्या स्टँडवर उभा होतो. रस्त्यानं वरात आली, हलगी कडाडली, आणि माझ्या हातानं शेजारच्या माणसाचा दंड धरला. तो म्हणाला, "पावणं, चक्कर आली व्हय?" मला सोडता येईना.

आता जत्रा तोंडावर आली आहे. बाळू विचारून गेला, "आबा, दारात वाजवू का?" वाजव म्हणालो. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. हलगी वाजेल, माझा हात आपोआप पुढं जाईल. मग उभं कसं राहायचं, तेवढं तिला विचारायचं राहिलं.