तुळसाबाईची एकोणीस नावं

मी इतिहासाचा मास्तर. ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही, कागद दाखवा नाहीतर दगड दाखवा, हे नागपुरातल्या एका कॉलेजात मी वीस वर्षं पोरांच्या डोक्यात कोंबत आलो होतो. माझा हा ताठा एका झाडझूड करणाऱ्या बाईनं एका सकाळी पार उतरवला. तुळसाबाई तिचं नाव.

तिचं बालपण इतवारीत गेलं. आई भांड्यांच्या एका दुकानात पितळ उजळायच्या कामाला होती आणि आईशेजारी बसून हीसुद्धा तेच करायची. चिंच, राख आणि विटेचा चुरा. हंड्यात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही, ही त्या मायलेकींची शिस्त. लग्नानंतर नवरा जुन्या छावणीजवळच्या इंग्रजी चर्चमध्ये माळी म्हणून लागला आणि तुळसाबाई आत झाडायला लागली. ही अडतीस सालची गोष्ट. छप्पन साली दोघांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पण चर्चचं काम काही सुटलं नाही. वस्तीतल्या बायका तिला चिडवायच्या, "काहून वं तुळसा, अजून देवाच्याच घरी झाडू मारून राहिली?"

ती म्हणायची, "देवाचं देव पाहील. मी तं मानसायचं पाहून राहिली."

तिची ही माणसं भिंतीवरची होती.

ते चर्च पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं होतं. शंभर वर्षांपूर्वी इथल्या पलटणीच्या एका कर्नलला आपल्या गावच्या चर्चची इतकी आठवण येई, की त्यानं तसंच्या तसं इथे बांधायचा घाट घातला. बुटका चौकोनी मनोरा, टोकदार कमानी, आणि बर्फ घसरून पडावं म्हणून चांगलं उतरतं छप्पर. नागपुरात बर्फ! त्या छपरावर शेवटी आपले मातीचे कवेलूच चढले आणि मनोऱ्यात पोपटांनी संसार थाटला. पण आत पाऊल टाकलं की हसू कुठल्या कुठे जायचं. बाहेर ऊन भाजून काढत असताना आत गारवा, रंगीत काचांमधून फरशीवर पसरलेला निळातांबडा उजेड, आणि भिंतीभर संगमरवरी पाट्या. तीन महिन्यांची मुलगी. पहिल्या बाळंतपणात गेलेली वीस वर्षांची बाई. वाघानं मारलेला इंजिनियर. घरदार सोडून हजारो मैल लांब आलेली ही माणसं आमच्या काळ्या मातीत मिळाली होती. त्यांच्या साम्राज्यावर माझा राग होता, अजूनही आहे. तरी त्या तीन महिन्यांच्या मुलीसमोर माझा आवाज आपोआप खाली यायचा.

साहेबांना संगमरवर, साध्या शिपायांना पितळ, असा तिथला हिशेब. दाराशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक मोठी पितळी पाटी होती. एकाच उन्हाळ्यात पटकीनं गेलेल्या एकोणीस शिपायांची ती पाटी, एका ओळीत एक नाव. मी तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही संगमरवरच दिसायचा.

बहात्तर सालच्या फेब्रुवारीत चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी अनंतराव गायकवाड माझ्या घरी आले. जुने स्नेही. म्हणाले, "इंग्लंडहून एक बाई येताहेत. तुम्ही सोबत राहा, माझं इंग्रजी ऐन वेळी दगा देतं."

मिस पिकरिंग सत्तरीच्या होत्या, काठी टेकत चालायच्या. दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "हे तर आमचंच चर्च!" कर्नल त्यांच्याच गावचा होता आणि गावातली कितीतरी पोरं त्यानं पलटणीत भरती केली होती. परक्या मुलखात मेलेल्या त्या सगळ्यांची नावं गावच्या चर्चच्या भिंतीवर कोरलेली आहेत. फक्त एकाचं नाही. तो मिसबाईंच्या आजीचा धाकटा भाऊ. त्याच्या नावापुढे पलटणीच्या कागदात 'पळून गेला' असा शेरा होता. पळपुट्याचं नाव गावानं भिंतीवर चढू दिलं नाही. आजी मरेपर्यंत दर रविवारी चर्चला गेली, पण त्या भिंतीकडे तिनं कधी पाहिलं नाही. आता शंभर वर्षांनी घरात एका सोबत्याचं पत्र सापडलं होतं. तो पळाला नाही, पटकीनं गेला, शेरा कारकुनाच्या चुकीनं पडला, त्याचं नाव नागपूरच्या चर्चमध्ये पितळेवर आहे, असं त्यात लिहिलं होतं.

"पत्र कोणी मानत नाही," मिसबाई म्हणाल्या. "तुमच्या चर्चनं लिहून दिलं तर नाव कोरू, असं आमचे पाद्री म्हणतात. मला ते नाव एकदा डोळ्यांनी पाहायचंय."

मृत्यूची नोंदवही वाळवीनं केव्हाच खाल्ली होती. म्हणून आम्ही सरळ पाटीकडे गेलो.

पाटी लखलखत होती. त्या अंधारात ती तेवढीच उजळ, आणि तिच्यात आम्हा तिघांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. अक्षर एकही नव्हतं. मी बोटानं चाचपून पाहिलं, तिरपा होऊन पाहिलं. कुठे एखादी रेघ, कुठे एखादा बाक. बाकी सगळं गुळगुळीत.

तेवढ्यात मागून तुळसाबाई आली. गोरी बाई पाटी पाहायला येणार म्हणून तिनं त्या दिवशी पहाटेच पुन्हा घासली होती. हात पुसत, हसत ती म्हणाली, "कशी चमकते ना जी?"

मी फार वाईट वागलो. अंगावर ओरडलो. "तुळसाबाई, काय केलंत हे? चौतीस वर्षं घासून घासून नावं पुसून टाकलीत तुम्ही! एक माणूस शोधायला ही बाई सात समुद्र ओलांडून आली, आणि तुम्ही त्याला मिटवलंत!"

तिच्या तोंडावरचं हसू गेलं. ती पाटीजवळ आली, तिच्यावरून हात फिरवला. "मले वाचता नाही येत, साहेब. मले वाटलं, पितळेतली अक्षरं कुठी जातात." मग म्हणाली, "पन नावं तं हायेत ना जी."

"कुठे आहेत?"

"मायाजवळ हायेत."

कळलं ते असं. पूर्वीचे म्हातारे इंग्रज पाद्री दर नोव्हेंबरात या पाटीसमोर उभं राहून एकेक नाव मोठ्यानं घ्यायचे, आणि ते नाव घेतील ती ओळ तुळसाबाई फडक्यानं पुसायची. पाद्री वारले. नावं घेणारं कोणी उरलं नाही. "मंग त्यायचे नावं कोन घेईल? म्हून मीच घेते. दर शनवारी, घासता घासता."

अनंतराव माझ्याकडे पाहू लागले. मी मनात म्हटलं, झालं, आता ऐकीव इतिहास. पण मास्तरकी सुटत नाही. मिसबाईंना मी सगळं समजावून सांगितलं आणि म्हटलं, "नाव उच्चारू नका. चिठ्ठीवर लिहून अनंतरावांच्या खिशात ठेवा." मलाही ते नाव माहीत नव्हतं.

"बोला, तुळसाबाई."

ती उभी राहिली, ओठ हलले, पण शब्द फुटेना. "अशी नाही येत जी. हात फिरला तं येते."

फडकं तिनं घेतलं नाही. रिकामा तळवा पाटीच्या वरच्या कडेला टेकवला आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवला. "जॉन बेल." हात एक ओळ खाली आला. "विल्यम क्रॅग." पुन्हा खाली. "हेन्री डॉसन."

मी डायरी काढून लिहू लागलो. आवाज तिचा आमच्या नागपूरचाच होता, पण नावं स्वच्छ होती. कुठे अडखळणं नाही, कुठे घाई नाही. नववं झालं, दहावं झालं.

"एमस हार्कर," तुळसाबाई म्हणाली.

मिसबाईंच्या हातातली काठी फरशीवर पडली. अनंतरावांनी खिशातली चिठ्ठी उघडली आणि माझ्यापुढे धरली. तेच नाव होतं. अकरावं.

मिसबाईंनी पुढे होऊन तुळसाबाईचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या हुंदके देऊन रडू लागल्या. अनंतरावांचे डोळेही भरले. चर्चच्या कागदावर आजच शिक्क्यानिशी लिहून देतो, असं ते म्हणाले. दिलंही. पुढे दीड वर्षानं त्या गावच्या भिंतीचा फोटो आला, त्यावर एमस हार्कर आहे. ते सगळं नंतरचं. त्या क्षणी मी डायरी मिटली, पेन खिशाला लावलं, आणि ओरडल्याबद्दल या बाईची माफी कशी मागावी याचा विचार करू लागलो.

तुळसाबाईनं आपला हात हळूच सोडवून घेतला.

"थांबा जी," ती म्हणाली. "अजून आठ जन बाकी हायेत."

तिचा तळवा बाराव्या ओळीवर गेला. मी डायरी पुन्हा उघडली. मिसबाईंना शब्द कळले नव्हते, पण त्या काठीशिवायच ताठ उभ्या राहिल्या. अनंतरावांनी डोक्यावरची टोपी काढली. आणि ज्यांना शोधायला कोणीही आलं नव्हतं, त्या आठ जणांची नावं तुळसाबाईनं एकेक करून घेतली.