तीन पंख्यांचं कार्ड आणि एक कूलर

बाबांनी आयुष्यभर सरकारी लाल बस चालवली, बहुतेक काळ नागपूरहून सावनेर आणि त्याच्या पलीकडच्या गावांची. निवृत्त झाल्यावर माणसानं देवदर्शन करावं किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडावं, अशी आपल्याकडे रीत आहे. बाबांनी दोन्ही करून पाहिलं. देवदर्शनाला दुसऱ्याच्या गाडीत मागं बसावं लागतं आणि मागं बसलं की बाबांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो. यात्रेच्या गाडीच्या ड्रायव्हरनं परतीच्या वाटेवर त्यांना हात जोडून सगळ्यात शेवटच्या सीटवर पाठवलं. तेव्हापासून ते घरीच बसले.

मग दिवाळीत माझा भाऊ आला. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यामुळे आमच्या घरात सांध्यांच्या दुखण्यापासून जमिनीच्या भावापर्यंत सगळ्या विषयांत त्याचा शब्द शेवटचा असतो. त्यानं घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बस चालवायचा एक गेम टाकला, बाबांच्या खांद्यावर थोपटलं आणि विमानानं निघून गेला. गेम चालतो का, हे बघायला तो थांबला नाही. तज्ज्ञ माणसं थांबत नाहीत.

गेम चालायचा, पण बस चालायची नाही. म्हणजे ती स्टॉपवरून निघायची, गोठायची आणि एकदम पुढच्या चौकात उभी दिसायची. मधला रस्ता कुठं गेला, हे कुणालाच कळत नव्हतं. बाबांनी आधी कीबोर्डला दोष दिला, मग रस्त्याला, मग प्रवाशांना. शेवटी एका संध्याकाळी मी कॉलेजच्या ऑफिसमधून घरी आले, तर ते टेबलावर ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवून उभे होते.

"बाई, याच्या इंजिनात दम नाही," ते म्हणाले. "दुसरं बसवता येते काय?"

मी भावाला फोन लावला. त्यानं सांगितलं की पडद्यावरची चित्रं भराभर काढायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. आपल्या कॉम्प्युटरात ते नाही, त्यामुळे मुख्य प्रोसेसर स्वतःचं काम सांभाळून चित्रंही काढतोय. निवडणुकीच्या ड्युटीला जुंपलेल्या मास्तरांची आठवण झाली. कार्ड कोणतं घ्यावं म्हटल्यावर भाऊ म्हणाला, पुढची पाच वर्षं चिंता नको असं तगडं घ्या. मी विचारलं, तू त्यात किती घालशील? तेव्हा पुण्यात अचानक नेटवर्क गेलं.

आता बजेट. आमच्या घरात त्या वर्षी एका वस्तूपुरते पैसे बाजूला काढलेले होते आणि ती वस्तू कूलर होती. हॉलमधल्या जुन्या कूलरची टाकी गंजून गळत होती, त्याची मोटर अशी घरघरायची की टीव्हीवरच्या बातम्या कळत नसत. बातम्यांबद्दल कुणाची तक्रार नव्हती, पण उन्हाळ्यात नागपूरला कूलर नसणं म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. आईला गेल्या उन्हाळ्यातच नव्या कूलरचा शब्द दिला होता. मार्च लागला होता.

आई जेवताना म्हणाली, "अहो, मे महिन्यात ते कार्ड हवा देईन काय?"

बाबांनी घास गिळला आणि पूर्ण गांभीर्यानं सांगितलं, "त्याले तीन पंखे असतात."

"ते त्याच्यासाठीच असतात," आई म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

पुढं त्या विषयावर मी जे काही वाचलं-पाहिलं, त्यात इतकं नेमकं विधान मला पुन्हा सापडलं नाही. वाचलं मात्र भरपूर. कामाच्या वेळेत, पगाराची बिलं समोर उघडून, मी कार्डांचे व्हिडिओ बघत होते. बजेट हा शब्द या लोकांच्या तोंडी वेगळ्याच अर्थानं असतो. माणूस हसत हसत सुरुवात करतो, "मित्रांनो, आज गरिबांसाठी कार्ड", आणि अशी वस्तू दाखवतो की ती घेतल्यावर आपण खरोखर गरीब होऊ. बाजारात मुख्य कंपन्या दोन. एकीचे भक्त दुसरीच्या भक्तांना व्हिडिओखाली इतक्या घाण शिव्या देत होते, की वाटलं यांनी कार्डं घेतली नसून लग्नं केली आहेत.

यातून एवढं कळलं की चांगलं कार्ड सेकंदाला साठ चित्रं काढतं आणि महागडं एकशेवीस. मी बाबांना हा फरक समजावून सांगितला.

"साठ पुरे," ते म्हणाले. "माह्या गाडीले तशीही साठच्या वर परवानगी नव्हती."

अशा रीतीनं तांत्रिक बाजू निकालात निघाली आणि आम्ही धरमपेठेतल्या एका दुकानात गेलो. आत एसी होता, अंधार होता आणि प्रत्येक वस्तूतून जांभळा-निळा उजेड येत होता. गणपतीच्या आराशीत चुकून शिरल्यासारखं वाटलं. विक्रेत्या मुलानं मला विचारलं, कोण खेळणार? मी बाबांकडे बोट दाखवलं. वरातीत म्हातारबुवा नाचायला लागले की लोक जसं हसतात, तसं तो हसला. मग बजेट विचारलं. आम्ही सांगितल्यावर त्याचं हसू विझलं आणि त्यानं सगळ्यात खालच्या फळीवरून एक खोकं दोन बोटांनी काढून काउंटरवर ठेवलं. एवढ्यात गेमिंग होत नाही, म्हणाला, एवढ्यात फक्त फोटो बघता येतात. शिवाय त्याहून वरचं कार्ड घ्यायचं तर तुमचा पॉवर सप्लाय पुरणार नाही, म्हणजे तो नवा. तो नवा म्हणजे डबा नवा. डबा नवा घेताय तर जुना मॉनिटर कशाला ठेवता? शर्टाला बटण लावून घ्यायला गेलेल्या माणसाला तो सूट शिवायला सांगत होता.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, की मे महिन्यात हे तापते काय?

"काका, तापणारच ना. एसी लावून घ्या," मुलगा म्हणाला.

बाबांनी त्याला नमस्कार केला. माझ्या ओळखीत बाबा फक्त दोन प्रसंगी नमस्कार करतात, एक देवाला आणि एक बोलणं संपवायला.

तेव्हा उरला जुना माल. बाबांच्या मते तसंही शहाणा माणूस कोणतीच गाडी नवी घेत नाही. मोबाइलवर जाहिराती चाळता चाळता लकडगंजमधलं एक कार्ड मिळालं: तीन पंख्यांचं, उत्तम स्थितीत, विकण्याचं कारण लग्न. एका रविवारी सकाळी आम्ही मोपेडवर निघालो. खाली लाकडाचं दुकान, वर घर, जिन्यावर भुसा. कार्डाचा मालक पंचविशीतला होता आणि फाशीच्या कैद्यासारखा चेहरा करून बसला होता. त्याची आई मात्र आम्हाला बघून इतकी खूश झाली की आम्ही मुलीकडचे आहोत असंच वाटावं. आम्ही बसायच्या आत चिवडा आला.

"घेऊन जा, भाऊ," ती बाबांना म्हणाली. "हे घरातून गेल्याबिगर हा पोरगा खोलीबाहेर नाही येत."

विकणाऱ्याच्या घरात आपल्या बाजूनं बोलणारं माणूस भेटणं, हा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो.

मी व्हिडिओंतून शिकलेला महत्त्वाचा प्रश्न टाकला. काही लोक अशी कार्डं डिजिटल नाणी कमवायला महिनोन्‌महिने रात्रंदिवस चालू ठेवतात आणि मग पुसून विकतात. तर हे तशा कामाला वापरलं होतं का? बाबांना माझा प्रश्न कळला नाही, म्हणून मी तो सोपा करून सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि मुलाकडे वळून म्हणाले, "म्हणजे टॅक्सीत चालवली काय गा, का घरगुती?"

"घरगुतीच, काका. एकदम हल्क्या हातानं वापरलं."

जुनी गाडी विकणारा प्रत्येक माणूस ती डॉक्टरची होती म्हणून सांगतो, तशातलंच हे उत्तर होतं. पण त्यानं कॉम्प्युटर चालू करून एक गेम लावून दाखवला. बाबांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते खाली वाकले, डब्याला कान लावला आणि हवा जिथून बाहेर पडते तिथं तळहात धरला. बराच वेळ तसेच होते. मुलगा माझ्याकडे पाहू लागला, मी चिवड्याकडे. अखेर बाबा उठले आणि म्हणाले की मधल्या पंख्याची बेरिंग गेली आहे. मुलानं आधी नाही म्हटलं. मग थोडा आवाज येतो म्हणाला. मग त्याच्या आईनं स्वयंपाकघरातून त्याला हाक मारली, एकदाच, आणि भाव खाली आला.

घरी आल्यावर मधल्या पंख्याची गोष्ट ऐकून माझ्या आईनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"तीन सांगतले होते," ती म्हणाली. "धड निघाले दोन."

दुसऱ्या दिवशी बर्डीवरच्या एका रिपेअरवाल्याकडे डबा नेला. नवा पॉवर सप्लाय बसला, पण कार्ड आत जाईना. ते डब्याहून चांगलं बोटभर लांब होतं. मी व्हिडिओंत सगळं पाहिलं होतं, फक्त मोजपट्टी घेऊन आपला डबा मोजा, हे सांगणारा शहाणा माझ्या नजरेतून सुटला होता. रिपेअरवाल्यानं आतला पत्रा कटरनं कापला. ठिणग्या उडत असताना बाबा बाजूला स्टुलावर बसून होते आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच डेपोत बसल्यासारखे निवांत दिसत होते. कार्ड आत गेलं, पण मग बाजूचं झाकण लागेना. हवा खेळती राहील, असं रिपेअरवाला म्हणाला. छप्पर उडालेल्या घराचंही असंच कौतुक करता येतं.

एप्रिलमध्ये ती खेळती हवा चाळिशीच्या वर गेली. बाबांची बस दुपारी डेपोतून बाहेर पडायची आणि पडदा काळा व्हायचा. कार्ड तापून बंद पडत होतं. मग एका दुपारी आई स्वयंपाकघर आवरून हॉलमध्ये आली, तर गळक्या कूलरचं तोंड दिवाणाऐवजी कॉम्प्युटरकडे वळलेलं होतं आणि बाबा परदेशातल्या कुठल्या तरी गावात बस लावत होते.

आईनं स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, कूलर आणि कॉम्प्युटरच्या बरोबर मधोमध ठेवली आणि पदरानं मान पुसत तिच्यावर बसली. थोड्या वेळानं पडदा काळा झाला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"काहून वं, तिथंच काहून बसली?"

"हवा खाऊन राहिली," आई म्हणाली.

संध्याकाळी मी दोघांनाही सांगितलं की कूलरची ओलसर हवा असल्या यंत्रावर सोडली तर ते गंजून मरतं. हे खरं होतं, पण खोटं असतं तरी मी सांगितलंच असतं. कूलर पुन्हा दिवाणाकडे वळला. मात्र आईच्या त्या खुर्चीनं मला जे सांगायचं ते सांगितलं होतं. त्याच आठवड्यात मी नवा कूलर हप्त्यानं आणला. म्हणजे दोन वस्तूंपैकी एकच परवडते, म्हणून महिनाभर डोकं शिणवून आम्ही दोन्ही घेतल्या. आमच्याकडे बजेट म्हणतात ते यालाच. भावाला दोन्हींचे फोटो पाठवले, त्यानं अंगठा पाठवला.

नव्या कूलरनं सगळा हॉलच गार केला, त्यामुळे कार्डही तग धरू लागलं. पहिल्या रविवारी आम्ही तिघांनी बसून बाबांची बस पाहिली. रस्ता तुकतुकीत, झाडाचं पान न् पान वेगळं, डबक्यात आभाळ दिसत होतं. कुणी उलट्या दिशेनं येत नव्हतं, कुणी दारात लटकत नव्हतं. बाबा खूश होते, पण आपण खूश आहोत हे दाखवायला लागल्यामुळे थोडे अवघडलेले होते.

काही दिवसांनी मी लवकर घरी आले आणि पडदा पाहून चपला न काढताच आत गेले. झाडांच्या जागी हिरवे ठोकळे होते, माणसांचे चेहरे पुसलेले, डबकी गायब. कार्ड गेलं, असं वाटून मी आधी मनातल्या मनात त्या नवरदेवाचा उद्धार केला. मग बाबांना विचारलं.

"गेलं नाही, मीच कमी केलं," ते म्हणाले. "सगळं खालच्या नंबरवर टाकलं. तो मधला पंखा लय आवाज करते, तुह्या आईले दुपारी झोप नाही येत. रस्ता दिसते, स्टॉप दिसते. पानं मोजून मले काय करायचं आहे?"

मी भावाला फोन करून हे सांगितलं, तेव्हा तो हसला. इतकं खालीच चालवायचं होतं तर कार्डाची गरजच नव्हती, म्हणाला. जुन्या कॉम्प्युटरात थोडी मेमरी वाढवली असती तरी भागलं असतं. हे आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तुम्ही विचारलंच नाही, तो म्हणाला, आणि या वेळी नेटवर्क अगदी स्वच्छ होतं.

मी हे बाबांना सांगितलं नाही. सांगायला म्हणून हॉलमध्ये गेले होते, पण आई उठून त्यांच्या बाजूला खुर्ची घेऊन बसली होती. बस एका स्टॉपवर उभी होती, दार उघडं. फुटपाथवरून एक बाई हळूहळू चालत येत होती. ती प्रवासी नव्हती, रस्ता रिकामा दिसू नये म्हणून गेमनं सोडलेलं ते नुसतं चित्र होतं, आणि बाबांनी खालच्या नंबरवर टाकल्यामुळे तिला नाक-डोळेही नव्हते. वेळ टळून गेली म्हणून गेम वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत गुण कापत होता.

"येऊन राहिली ती," आई म्हणाली. "थांबा थोडं."

"थांबलोच आहो ना," बाबा म्हणाले.