वन्संची वाट

फोन आला तेव्हा मी माहेरी, लासलगावला होते. भावाच्या दुकानासमोर कांद्याचे ट्रॅक्टर लागलेले, लिलावाचा गलका, आणि फोनवर ह्यांचा आवाज… दोनदा विचारलं, “काय म्हणताय?” तिसऱ्यांदा ऐकू आलं. “ताई गेली गं. झोपेतच.” शालिनीताई, ह्यांच्या मोठ्या बहीण, माझ्या वन्सं. त्याला आता दीड महिना झाला.

मी लग्न होऊन नाशिकला, गंगापूर रोडच्या घरात आले ती एक्याण्णव साली. वन्सं टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. लग्न केलं नव्हतं, का ते कुणी विचारायचं नाही असा घरचा अलिखित नियम. बोलणं तुटक, करडं. दर रविवारी पहाटे साडी घोट्यापर्यंत खोचून त्या बाहेर पडायच्या. कधी पांडवलेणी, कधी चांभारलेणी, कधी रामशेज. सासूबाई म्हणायच्या, “ही डोंगरांत काय हरवून आलीय, देव जाणे!” मलाही ते वेडच वाटायचं.

चौऱ्याण्णव साली माझं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. चार महिने मी खोलीबाहेर पडले नाही. “आता पुरे, घरात रडू नये,” असं सासूबाईंनी बजावलं होतं, म्हणून रडणंही बंद. एका रविवारी वन्संनी दार ढकललं. “ऊठ सुनंदा. पांडवलेण्यापर्यंत जाऊ.” मी म्हटलं, “माझ्याच्यानं चढवणार नाही.” “चढू नकोस. पायथ्याशी बस.” पायथ्याशी बसलो. मग म्हणाल्या, “वीस पायऱ्या.” त्या झाल्यावर पुन्हा वीस… असं करत वर नेलं. खाली सगळं नाशिक उन्हात पसरलं होतं. त्यांनी पिशवीतून पेरू काढला, चिरला, फोड माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, “रड आता मोकळी. इथे आई नाही ऐकायला.” मी किती वेळ रडले कुणास ठाऊक. त्या शांतपणे पेरू खात होत्या. एका शब्दानं समजूत घातली नाही, आणि तेच मला लागू पडलं.

मग मी जातच राहिले. हळूहळू शेजारच्या, ऑफिसातल्या बायका येऊ लागल्या, बारा-पंधरा जणींचा घोळका झाला. एका श्रावणात अंजनेरीच्या पठारावर धुकं असं दाटलं की पुढची बाई दिसेना. वन्सं थांबल्या. “बायांनो, वाट चुकलीय. चूक माझी आहे. सगळ्या इथेच बसा.” आमच्यातल्या पाटीलबाई घाबरल्या होत्या. “बसून काय होणार? उजवीकडे उतार लागतोय, उतरू या की!” त्या उठल्यासुद्धा. वन्संनी त्यांचा पदर मुठीत धरला. “माझ्यावर रागवा, पण जिथलं दिसत नाही तिथे पाय टाकायचा नाही.” दोन तास आम्ही पावसात भिजत बसलो. दर थोड्या वेळानं त्या प्रत्येकीला नावानं हाक मारायच्या, ओ आली की पुढची. धुकं विरलं तेव्हा वाट आमच्या डावीकडे वीस पावलांवर होती. उजवीकडे तेवढ्याच अंतरावर गवत संपत होतं… आणि खाली सरळ कडा. पाटीलबाई वाकल्या, तर वन्सं म्हणाल्या, “पाया नंतर पडा, आधी खाली पोचा.”

खाली गावात गुरं वळणाऱ्या एका आजीला आम्ही हे सांगितलं. ती म्हणाली, “थांबल्या ते लय बरं केलं. आम्ही बी थांबतो.” वन्सं एवढ्या खूश झालेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. पण बारा जणींचा जीव आपल्या चुकीनं धोक्यात आला, हे त्या विसरल्या नाहीत. पुढच्याच रविवारी एकट्या गेल्या, चुन्याची बादली घेऊन, आणि पठारभर दगडांवर खुणा करून आल्या.

तेराव्यानंतर त्यांची खोली आवरायला घेतली. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती. उघडली तर आत कॅनव्हासचे बूट, सात जोड. चार नंबरपासून आठपर्यंत, धुतलेले, आत कागदाचे बोळे कोंबलेले. वन्संचा पाय पाच नंबरचा. मग आठवलं, “माझ्याकडे बूट नाहीत हो” म्हणून कुणी मागे सरली की तिला पुढच्या रविवारी बूट मिळायचे. कुठून येतात, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

परवा समोरच्या घरातली नवी सून जिन्यात भेटली. लाजत म्हणाली, “काकू, मलाही रविवारी तुमच्याबरोबर डोंगरावर यायचंय. पण चपलाच आहेत.” मी तिला आत घेतलं, वन्संच्या पलंगावर बसवलं आणि ट्रंक ओढून विचारलं, “नंबर किती गं तुझा?”